बिनमधला जॉब उचलताना : आमची वाटचाल

भोसरीच्या गाळ्यात आम्ही बरीच वर्षं फिक्स्चर (मशीनवर तुकडा घट्ट धरून ठेवणारी साधनं) आणि छोट्या एसपीएम (एकाच ठरावीक कामासाठीची खास मशीन) बनवत होतो. एकदा फिक्स्चर बसवायला एका गिऱ्हाइकाकडे गेलो, तेव्हा तिथले ऑपरेटर मामा बिनमध्ये, म्हणजे मोठ्या पेटीत, वाकून फोर्जिंग (ठोकून घडवलेले धातूचे तुकडे) काढत होते. जॉब, म्हणजे तो तुकडा, लेथच्या चकात (पकडीत) लावायचा, झालेला काढायचा, पुन्हा वाकायचं, अख्खी शिफ्ट. मालकांनी विचारलं, "इथं रोबो बसवून द्याल का?" मी हो म्हणालो आणि तिथून आमचं कामच बदललं.

जॉब ठरल्या जागी येत असेल तर रोबोला अडचण नसते. १९६१ साली न्यू जर्सीत जनरल मोटर्सच्या कारखान्यात युनिमेट नावाचा रोबो लागला, तो डाय-कास्टिंगचे गरम तुकडे उचलायचा. तुकडा दर वेळी त्याच जागी हजर. बिनमध्ये मात्र सगळे आडवेतिडवे, एकमेकांत अडकलेले, वरून तेलाची चकाकी.

मी कामाची वाटणी केली. एका इंजिनिअर मुलीकडे थ्रीडी कॅमेरा दिला, एका मुलाकडे रोबोचा मार्ग. पहिले दोन महिने कॅलिब्रेशनमध्येच गेले. रोबोच्या हातात चौकटींचा बोर्ड द्यायचा, वेगवेगळ्या जागी नेऊन फोटो घ्यायचे आणि कॅमेरा रोबोच्या हिशेबात नेमका कुठे आहे ते काढायचं. आम्ही बोर्ड इकडून तिकडे भरपूर हलवला, पण मनगट एकाच अक्षाभोवती फिरवत राहिलो. त्याने उत्तर पक्कं होत नाही. निदान दोन वेगळ्या अक्षांभोवती तरी फिरवावं लागतं. आणि इथे चूक परवडत नाही. कोनात एका अंशाचा फरक राहिला, तर मीटरभर अंतरावर ग्रिपर, म्हणजे रोबोचा पकडणारा पंजा, १७ मिलिमीटर बाजूला जातो.

ते जमल्यावर दुपारचा घोळ सुरू झाला. छताच्या पारदर्शक पत्र्यातून ऊन आलं की कॅमेऱ्याच्या प्रोजेक्टरची नक्षी जॉबवर दिसेनाशी व्हायची आणि त्या नक्षीवरून बनणाऱ्या थ्रीडी बिंदूंच्या चित्राला, म्हणजे पॉइंट क्लाउडला, भोकं पडायची. सेलवर छप्पर घातलं, एकाच दृश्याचे कमी-जास्त एक्स्पोजरचे फोटो जोडले, तेव्हा चकाकणाऱ्या कडा हाती लागल्या.

तरीही रोबो अडत होता. कॅमेरा सर्वांत स्पष्ट दिसणारा जॉब सांगायचा, तो नेमका बिनच्या भिंतीला टेकलेला असायचा, आणि ग्रिपर भिंतीवर आपटायचा. मुलगी म्हणायची, "सर, मला नीट दिसतंय." मुलगा म्हणायचा, "सर, तिथे हात पोचत नाही." दोघंही खरंच सांगत होते. मामा शेजारी उभे होते. ते म्हणाले, "साहेब, मी नुसता जॉब बघून हात घालत नाही. तो बाहेर कुठून निघंल, ते बघून घालतो."

त्या रात्री आम्ही आधीची मांडणी मोडली. आता कॅमेरा एक जॉब निवडत नाही, दिसतील तेवढे सगळे देतो. प्रत्येक जॉब धरायच्या अनेक तऱ्हा काढल्या जातात आणि प्रत्येक तऱ्हा प्लॅनरपुढे (रोबोचा मार्ग ठरवणाऱ्या प्रोग्रॅमपुढे) ठेवली जाते: सांधे तिथे वळतात का, ग्रिपर कुठे घासतो का, जॉब धरून वर निघता येतं का, आणि चकात योग्य तोंड पुढे येतं का. मार्गासाठी आम्ही कफनर आणि लाव्हाल या संशोधकांची २००० सालची आरआरटी-कनेक्ट पद्धत वापरतो. बोगदा दोन्ही तोंडांनी खणत यावा, तसा मार्ग सुरुवातीकडून आणि शेवटाकडून एकाच वेळी शोधला जातो. रोबो एक जॉब चकात लावतोय तोवर पुढच्याचा फोटो आणि हिशेब उरकलेला असतो, त्यामुळे लेथ थांबत नाही. तोंड उलटं आलं तर जॉब मधल्या छोट्या टेबलावर ठेवून पुन्हा धरतो. आम्ही त्याला चौरंग म्हणतो.

पुढे एकदा फोर्कलिफ्टचा धक्का कॅमेऱ्याच्या ब्रॅकेटला लागला आणि सकाळपासून प्रत्येक पकड चुकली. तेव्हापासून शिफ्ट सुरू होताना रोबो आधी एका पक्क्या खुणेला टोक लावून दाखवतो आणि मगच बिनकडे वळतो. मला ही तपासणी सगळ्या अल्गोरिदमइतकीच मोलाची वाटते.

मामा आता दोन मशीन सांभाळतात, मापं घेतात. त्यांची पाठ सुटली, याचा आनंद मला बिलाच्या रकमेपेक्षा मोठा आहे.

तळाच्या कोपऱ्यातले शेवटचे काही जॉब अजून हातानेच काढावे लागतात. तिथे जाडी आड येते, म्हणून ग्रिपरची बोटं बारीक करून घेतोय. नवी जोडी कालच मिलिंगवर चढवली आहे.