कपड्यांच्या इतिहासाची चित्रपुस्तके आणि आपला कासोटा

स्त्रियांच्या हक्कांचा इतिहास लहान मुलांना सांगायचा झाला, तर सुरुवात कपड्यांपासून करावी, असे माझे ठाम मत झाले आहे. मताधिकार, मालमत्तेचा वारसा, विवाहाचे कायदे हे सारे सात-आठ वर्षांची मुले ऐकून घेतात, पण त्यातले काही त्यांच्या अंगाला लागत नाही. पळताना पायात येणारा घेर, वर चढताना अडकणारी ओढणी आणि "मुलींनी असे बसू नये" हे वाक्य मात्र प्रत्येक मुलीच्या ओळखीचे असते. सोलापूरच्या पूर्व भागात, जिथे एका घरात यंत्रमागाचा खडखडाट चालू असतो आणि शेजारच्या घरात मांडीवर सूप घेऊन विड्या वळल्या जातात, तिथल्या मुलांसाठी मी रविवारी वाचनाचा तास घेते. त्या तासासाठी या विषयावरची चित्रपुस्तके मी मिळतील तिथून जमवत आले आहे. त्यांतली बहुतेक इंग्रजी आहेत. चित्रे मुले पाहतात, मजकूर मी मराठीत सांगते आणि कुठे अडले तर एखादी मोठी मुलगी घरी तेलुगू बोलणाऱ्या धाकट्यांना तेलुगूत समजावते.

या पुस्तकांची आवडती नायिका म्हणजे अमेलिया ब्लूमर. न्यूयॉर्क राज्यातील सेनेका फॉल्स या गावी जुलै १८४८ मध्ये स्त्रियांच्या हक्कांची परिषद भरली. त्याच वर्षी पुण्यात भिडे वाड्यात जोतीराव आणि सावित्रीबाई फुले यांनी मुलींची शाळा सुरू केली, हे मी मुलांना आवर्जून सांगते. अमेलिया त्या गावी राहत असे आणि १८४९ पासून 'द लिली' नावाचे स्त्रियांचे वृत्तपत्र चालवत असे. १८५१ मध्ये एलिझाबेथ स्मिथ मिलर ही बाई आखूड झगा आणि त्याखाली घोट्याशी आवळलेली, तुर्की पद्धतीची सैल विजार घालून त्या गावात आली. तिच्या नात्यातल्या आणि ती परिषद भरवणाऱ्यांपैकी एक असलेल्या एलिझाबेथ केडी स्टँटन यांनी तसाच पोशाख शिवून घेतला, मग अमेलियाने घातला आणि आपल्या पत्रातून त्याचा जोरदार पुरस्कार केला. तो पोशाख कसा बेतायचा हे विचारणारी पत्रे ठिकठिकाणच्या स्त्रियांकडून येऊ लागली, पत्राचा खप वाढला, आणि जो पोशाख अमेलियाने मुळात बेतलाच नव्हता, त्याला लोकांनी तिचे नाव दिले.

त्या काळचा सभ्य पोशाख म्हणजे काय होते, हे चित्रावरून पुरते कळत नाही. कमरेला देवमाशाच्या तोंडातील चिवट पट्ट्या घातलेली आवळ कॉर्सेट, झगा फुगून राहावा म्हणून त्याखाली एकावर एक परकर, काहींच्या विणीत घोड्याचे केस, आणि या सगळ्यावर जमिनीला टेकणारा, रस्त्यावरचा चिखल झाडत जाणारा घेर. स्टँटन यांनी आपल्या आठवणींत एक प्रसंग नोंदवला आहे, तो मला फार मोलाचा वाटतो. एका हातात दिवा आणि दुसऱ्या हातात मूल घेऊन ही मिलर सहज जिना चढून गेली, आणि लांब झग्यात आपल्याला तसे कधीच जमले नसते, हे पाहणाऱ्या स्टँटन यांच्या लक्षात आले. एक हात घेर उचलायला लागतो, मग दिवा धरायचा की मूल?

हा प्रसंग आम्ही करून पाहिला. आमच्या वाचनाच्या खोलीला अरुंद दगडी जिना आहे आणि चादरी-टॉवेलांना या वस्तीत तोटा नाही. मुलांनी घरून किरकोळ खोट असलेल्या, विक्रीला न गेलेल्या सोलापुरी चादरी आणल्या. त्या एकावर एक कमरेभोवती नाड्याने बांधल्या, एका हातात पाण्याने भरलेला तांब्या दिला, दुसऱ्या हातात उशीचे बाळ दिले आणि जिना चढायला सांगितले. पहिल्याच पायरीवर चादरीचा काठ अंगठ्याखाली येतो. तो सोडवण्यासाठी वाकावे, तर तांब्यातले पाणी हिंदकळते. बाळ काखेत दाबून हात मोकळा करावा, तर बाळ निसटते. मुलींनी करून पाहिले, मुलांनीही करून पाहिले. चौथीतल्या एका मुलाने चादरी सोडता सोडता विचारले, "ताई, मग त्या बायका दिवसभर काय करायच्या?" हा प्रश्न कोणत्याही पुस्तकाने त्याच्या मनात आणला नव्हता, तो त्या चादरींच्या ओझ्याने आणला.

बहुतेक चित्रपुस्तके अमेलियाची गोष्ट विजयावर संपवतात. शेवटच्या पानावर आजच्या मुली जीन्स घालून सायकलवर बसलेल्या दिसतात. इतिहास मात्र असा सरळ गेला नाही. वर्तमानपत्रांनी व्यंगचित्रे काढली, रस्त्यात मुले आणि पुरुष मागे लागून टिंगल करू लागले, आणि काही वर्षांत स्टँटन यांच्यासह बहुतेक जणींनी तो पोशाख सोडला. अमेलियानेही पुढे सोडला, कारण लोक विजारीबद्दल बोलत राहतात आणि शिक्षण, मजुरी, मताधिकार या गोष्टी बाजूला पडतात, असे तिच्या ध्यानात आले. हे पान मुलांसमोर आणायला लेखक का कचरतात, हे मला उमगत नाही. माघार कधी आणि कशासाठी घ्यावी हा प्रश्न मुलांनाही पडतो, आणि त्यावर ती मोठ्यांपेक्षा मोकळेपणाने बोलतात.

मेरी वॉकर हिची गोष्ट याच्या शेजारी ठेवण्यासारखी आहे. १८३२ मध्ये जन्मलेली ही डॉक्टर अमेरिकेच्या यादवी युद्धात शल्यचिकित्सक होती. १८६५ मध्ये तिला सैन्याचे सर्वोच्च पदक मिळाले, १९१७ मध्ये ते काढून घेतले गेले आणि १९७७ मध्ये, तिच्या मृत्यूनंतर अनेक दशकांनी, परत दिले गेले. विजार घातल्याबद्दल तिला अटकही झाली. पुरुषांचे कपडे का घालतेस, असे विचारणाऱ्यांना ती सांगे की हे माझेच कपडे आहेत. आमच्याकडे मुलांना हे उत्तर इतके आवडले की ते तासाबाहेरही ऐकू येऊ लागले.

चादरींच्या खेळानंतर एका मुलीने सांगितलेली गोष्ट मात्र या सगळ्या पुस्तकांच्या बाहेरची होती. तिची आजी मंगळवेढ्याकडची. ती इरकल लुगड्याचा कासोटा घालून रानात ज्वारी काढते, कडब्याच्या गंजीवर चढते, बैलगाडीवर उडी मारून बसते. "तिला कुठे पायात येतं?" असे त्या मुलीचे म्हणणे होते, आणि ते अगदी खरे होते. जी मोकळी चाल मिळवण्यासाठी सेनेका फॉल्सच्या स्त्रियांना तुर्कस्तानाकडे पाहावे लागले, ती चाल नऊवारीत कासोट्यामुळे होतीच. विसाव्या शतकात शिकल्या-सवरलेल्या घरांतून पाचवारी गोल साडी आली, ती आधुनिक म्हणून आली, आणि तिने पाऊल लहान केले. म्हणून पाश्चात्त्य विजारीला मुक्तीचे निशाण करणारे चित्रपुस्तक जसेच्या तसे मराठीत आणले, तर मंगळवेढ्याच्या त्या आजीला आपण विनाकारण मागास ठरवू.

परंतु कासोट्याचे कौतुक करून थांबणेही मला पटत नाही, कारण आपल्याकडे लुगडे किती लांब आणि किती वर, हे बाईच्या सोयीवर ठरत नसे, तिच्या जातीवर ठरत असे. डिसेंबर १९२७ मध्ये महाडला सत्याग्रह परिषद भरली आणि २५ तारखेला मनुस्मृतीचे दहन झाले. त्यानंतर डॉ. बाबासाहेब आंबेडकर जमलेल्या स्त्रियांशी बोलले. गुडघ्यापर्यंत वर नेसलेले लुगडे आणि कोपरापर्यंत घातलेले कथलाचे दागिने ही अस्पृश्यतेची ओळख आहे, ती पुसून टाका, असे त्यांनी सांगितले. त्या स्त्रियांनी त्याच मुक्कामात नेसण्याची पद्धत बदलली. परिषदेला साथ देणाऱ्या सवर्ण कुटुंबांतील स्त्रियांनी त्यांना घोट्यापर्यंत नेसायला मदत केली. अमेलियाने १८५१ मध्ये घेर वर घेतला, महाडच्या स्त्रियांनी १९२७ मध्ये काठ खाली आणला, आणि दोघींनी मिळवले ते एकच: माझ्या अंगावरच्या कापडाची लांबी दुसऱ्याने ठरवायची नाही. एखाद्या चित्रकाराने ही दोन चित्रे समोरासमोरच्या पानांवर काढावीत, अशी माझी फार इच्छा आहे. त्या पानांवर शब्दांची गरज कमी पडेल, पण गुडघ्यापर्यंतच्या लुगड्यातील स्त्रिया केविलवाण्या काढून चालणार नाही. त्या पायी चालत परिषदेला आलेल्या, निर्णय घेतलेल्या स्त्रिया आहेत, आणि ते त्यांच्या मानेत आणि खांद्यांत दिसले पाहिजे.

दक्षिणेकडच्या त्रावणकोर संस्थानातला लढा याच मालिकेतला. तिथे नाडार जातीच्या स्त्रियांना छाती झाकण्याचीच मनाई होती. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात त्यांनी वरचे वस्त्र घ्यायला सुरुवात केली, तेव्हा बाजारात ते ओढले गेले, फाडले गेले, दंगे झाले. १८५९ मध्ये संस्थानाने झाकण्याची परवानगी दिली, तरी ती उच्चवर्णीय स्त्रियांसारख्या पद्धतीने नसावी, ही अट ठेवली. राष्ट्रीय अभ्यासक्रमाच्या नववीच्या इतिहासाच्या पुस्तकात कपड्यांच्या सामाजिक इतिहासावर एक प्रकरण होते आणि त्यात हा लढा होता. २०१९ मध्ये ते प्रकरण वगळण्यात आले. जे शाळेच्या पुस्तकातून गेले, ते शाळेबाहेरच्या पुस्तकांनी सांभाळायला हवे, म्हणून मला ही चित्रपुस्तके करमणुकीपुरती वाटत नाहीत. हिंसा किती दाखवायची, हा प्रश्न उरतो. माझ्या अनुभवाने आठ वर्षांच्या मुलांना ओढले जाणारे वस्त्र दाखवता येते, जखम दाखवायची गरज नसते. त्यांना अन्याय लगेच कळतो आणि रात्री झोपही लागते.

आनंदीबाई जोशी आणि लेखिका काशीबाई कानिटकर यांची गोष्ट तर मराठी चित्रपुस्तकासाठी अगदी तयार आहे. पायात बूट आणि हातात छत्री घेऊन रस्त्यात निघाल्या म्हणून त्यांना दगड खावे लागले, कारण छत्री आणि जोडा ही पुरुषी अधिकाराची चिन्हे मानली जात. आनंदीबाई १८८३ मध्ये वैद्यकीय शिक्षणासाठी अमेरिकेला गेल्या. आपला पेहराव सोडणार नाही, असे त्यांनी निघण्यापूर्वी जाहीर सभेत सांगितले होते. तिथल्या थंडीत नऊवारीत पोटऱ्या उघड्या पडत, म्हणून त्यांनी साडी गुजराती पद्धतीने नेसायला सुरुवात केली. एकीकडे शब्द, एकीकडे थंडी, आणि त्यातून त्यांनी स्वतः काढलेली वाट. मार्च १८८६ मध्ये त्या फिलाडेल्फियात डॉक्टर झाल्या, तेव्हा त्या साडीतच होत्या.

आता आमच्या शहराबद्दल. १८७७ मध्ये सोलापूरची पहिली कापडगिरणी, आपली जुनी गिरणी, सुरू झाली. गिरण्या गेल्या, चादर आणि टॉवेल राहिले, आणि गेल्या काही वर्षांत शाळेच्या गणवेशांचा मोठा व्यवसाय इथे उभा राहिला. सोलापूरचे गणवेश दूरदूरच्या शाळांत जातात. म्हणजे मुलींनी काय घालावे, या प्रश्नाचे शिवलेले उत्तर रोज आमच्या गल्लीतून गाठोडी बांधून बाहेर पडते. एका रविवारी मुलांनी आपापले गणवेश आणून खिसे तपासले. मुलांच्या पँटला दोन्ही बाजूंना हात मनगटापर्यंत जाईल एवढे खिसे होते. मुलींच्या बहुतेक कुर्त्यांना आणि स्कर्टना खिसाच नव्हता, एकीला होता त्यात रुमाल दुमडून जेमतेम बसत होता. शिलाई कारखान्यात काम करणाऱ्या एका मावशींना मुलींनी कारण विचारले. मावशींनी हातातला कुर्ता उलटा करून बाजूची शिवण दाखवली आणि सांगितले की खिसा म्हणजे जास्तीचे कापड, पुन्हा दोन वेळा मशीनखाली घालणे, आणि मालाच्या ऑर्डरमध्ये कोणी मागत नाही तर कोण घालणार. पीसवर पैसे घेणाऱ्या बाईचे हे म्हणणे मला पूर्ण मान्य आहे. मागणी शाळेने करायची आहे.

ती करता येते, हे केरळात दिसले. एर्नाकुलम जिल्ह्यातील वलयनचिरंगरा येथील सरकारी प्राथमिक शाळेने २०१८ मध्ये सर्व मुलामुलींना गुडघ्याखालपर्यंत येणारी एकसारखी पँट आणि शर्ट दिला. २०२१ मध्ये कोझिकोड जिल्ह्यातील बालुसेरीच्या सरकारी शाळेने उच्च माध्यमिक मुलींसाठी शर्ट-पँट आणली, तेव्हा विरोधही झाला. आमच्या मुलींपैकी काहींना पँट हवी आहे, काहींना सलवार-कमीजच हवी आहे, खिसा मात्र सगळ्यांना हवा आहे. त्यांनी खिशाच्या मागणीचे पत्र लिहिले आहे आणि ते आपल्या शाळेच्या व्यवस्थापन समितीपुढे स्वतः वाचणार आहेत.

दरम्यान आम्ही आमचे पुस्तक हाताने करायला घेतले आहे: सेनेका फॉल्सचा जिना, महाडची दोन पाने, आनंदीबाईंची छत्री आणि मंगळवेढ्याची ज्वारी. मजकूर मराठीत आणि त्याखाली तेलुगूत राहील. चित्रांसाठी आम्हाला जुन्या सोलापूरचे संदर्भ हवे आहेत. गिरणीच्या रीळ खात्यात, रानात किंवा विडी कारखान्यात काम करणाऱ्या आजी-पणजीचा, तिचे नेसणे पायापर्यंत नीट दिसेल असा फोटो कोणाच्या घरी असेल, तर त्याची प्रत जरूर द्यावी. लग्नातले फोटो आमच्याकडे भरपूर आहेत, कामावरचे फार थोडे आहेत.