सहकार्यवृत्ती: दोन गुण

तोक्योच्या एका कंपनीत मी सॉफ्टवेअर टेस्टिंगची टीम सांभाळते. नव्या पदवीधरांची भरती निघाली की मलाही पॅनेलवर बसवतात. इथली निम्मी मुलाखत दाराशीच उरकते: टकटक किती वेळा केली, ‘बसा’ म्हणायच्या आधी बसला का, जमिनीवर ठेवलेली बॅग उभी राहिली की कलंडली. काळा सूट, काळे केस. कॉलेजात सोनेरी केस मिरवणारी पोरंही या हंगामात गपचूप काळे करून येतात.

गेल्या खेपेला एचआरनं मोठ्या उदारपणे कळवलं, ‘सूटची सक्ती नाही, तुम्हाला साजेल ते घालून या.’ आले सगळे काळ्या सुटातच. फार धीट होते ते राखाडी जाकिटात. आणि एक मुलगी आली ती लोलिता पोशाखात, म्हणजे जुन्या काळच्या बाहुलीसारखं नटायच्या जपानी फॅशनमध्ये.

फिकट निळा झगा, तो फुगीर राहावा म्हणून आत जाळीदार पॅनिए, गळ्यापर्यंत बंद लेसचा ब्लाउज, गुडघ्यापर्यंत मोजे, डोक्यावर भला मोठा बो. झगा नामांकित ब्रँडचा असेल तर असा एकच तीस हजार येनच्या पुढे जातो. आमच्या खुर्च्यांना हात आहेत. तिनं पॅनिए दोन्ही बाजूंनी अलगद दाबला, खुर्चीच्या कडेवर टेकली आणि शेवटपर्यंत पाठ टेकवली नाही. एरवी म्हणे कपडे पिशवीत घालून नेते आणि हाराजुकूला, तोक्योतल्या तरुणांच्या फॅशनच्या अड्ड्यावर, पोहोचल्यावर बदलते. त्या दिवशी मात्र घरूनच घालून, लोकलनं आली होती.

आम्ही उमेदवारांना एक फॉर्म देतो आणि त्यातल्या चुका शोधायला सांगतो. बहुतेक जण रिकामा रकाना, चुकीचा ईमेल एवढं तपासून थांबतात. जपानमध्ये वर्षं सम्राटाच्या पर्वानुसारही मोजतात. हिनं जन्मतारखेत हेइसेइ पर्वाच्या 31व्या वर्षातला 1 मे टाकला. फॉर्मनं तो मुकाट घेतला. हेइसेइ पर्व 30 एप्रिल 2019 ला संपलं, दुसऱ्या दिवसापासून रेइवा, म्हणजे ही तारीख मुळात नाहीच. ही चूक आम्हीच पेरलेली होती. मग तिनं नावाच्या रकान्यात काताकाना ही जपानी लिपी अर्ध्या रुंदीच्या अक्षरांत टाइप केली. त्यात ‘गा’ लिहायला ‘का’ आणि वरचं चिन्ह अशी दोन अक्षरं मोजली जातात, त्यामुळे मर्यादेत बसणारं नाव फॉर्मनं नाकारलं. ही चूक आम्ही पेरलेली नव्हती! माझ्या टीममधल्या भल्याभल्यांना हे सुचलं नसतं. मी पैकीच्या पैकी दिले.

चर्चेत कपड्यांचा ‘क’सुद्धा कुणी काढला नाही. विभागप्रमुखांनी ‘सहकार्यवृत्ती’पुढे पाचापैकी दोन लिहिले. एचआरच्या बाईंनीही दोनच, त्यांच्याकडे बघून. कारण विचारलं तर, ‘आपल्याकडे तिची घुसमट होईल, असं वाटतं.’ कपडे नडले असं म्हणाले असते तर मी भांडले असते, आमंत्रणच पुढे केलं असतं. न बोललेल्या आक्षेपाशी भांडायचं कसं? तिला वाटाण्याच्या अक्षता लावल्या. पत्रात नेहमीप्रमाणे तिच्या यशासाठी प्रार्थना वगैरे.

ओसाकात एका मुलीला शाळेनं उपजत तपकिरी केस काळे करायला लावले होते. तिनं दावा लावला. 2021 मध्ये न्यायालयानं 3 लाख 30 हजार येन भरपाई दिली, ती हजेरीपटातून नाव आणि वर्गातून बाक काढून टाकल्याबद्दल. केसांचा नियम मात्र वैधच ठरला. तिथे निदान नियम कागदावर तरी होता.

पुढे एकदा ऑफिसच्या पार्टीत विभागप्रमुख रंगात आले. 1980च्या सुमारास हाराजुकूत दर रविवारी वाहनं बंद ठेवलेल्या रस्त्यावर ताकेनोको-झोकू पोरं चकचकीत, ढगळ, भडक रंगांचे कपडे घालून टेपरेकॉर्डरच्या तालावर नाचायची. साहेब त्यांतले! शाळकरी होते, जांभळी सॅटिनची पँट आईनं शिवून दिली होती, हे सांगताना चेहरा खुलला होता. मी संधी साधली. ‘मग त्या मुलीला दोनच गुण कसे दिलेत?’

ते गोंधळले नाहीत, रागावलेही नाहीत. ‘सोमवारी मी गणवेशात शाळेत जायचो,’ म्हणाले आणि माझा ग्लास भरला.

यंदाही पॅनेलवर माझं नाव आहे. सहकार्यवृत्तीच्या गुणांशेजारी कारण लिहायचा रकाना हवा, अशी मागणी मी एचआरकडे लेखी दिली आहे. ‘विचार करतो’ असं उत्तर आलंय. इतकी वर्षं इथे काढल्यावर त्या उत्तराचं वजन मला कळतं.