तुम्ही विचारलंत म्हणून: सुशील-नरसिंग ट्रायल घ्यायला काय हरकत होती?

२०१६ च्या रिओ ऑलिम्पिकला ७४ किलोच्या कुस्तीत नरसिंग यादवने जावं की दिल्लीच्या सुशीलकुमारने, यावरून वाद झाला. सुशीलने निवडीसाठी ट्रायल मागितली, ती झाली नाही. ऑलिम्पिकचं वर्ष आलं की हा प्रश्न ठरलेला. "एक कुस्ती लावायची, जिंकेल तो रिओला. काय बिघडलं असतं?" आपल्याकडचा माणूस विचारतो तेव्हा त्याला महाराष्ट्र केसरी नरसिंगवर अन्याय झाला एवढंच ऐकायचं असतं. दिल्लीकडचा विचारतो तेव्हा बरोबर उलटं.

आधी मान्य करतो, कोटा, म्हणजे ऑलिम्पिकची जागा, देशाचीच असते. २०१५ साली लास वेगासच्या जागतिक स्पर्धेत ७४ किलोत नरसिंग यादवने ब्राँझ घेतलं, तेव्हा जागा भारताला मिळाली. त्या जागेवर कुणाला पाठवायचं ते कुस्ती महासंघ ठरवतो. सुशीलकुमारची बाजू हेच म्हणत होती आणि त्यात खोटं काही नव्हतं. त्याची दोन्ही ऑलिम्पिक पदकं ६६ किलोतली. तो गटच रद्द झाला, म्हणून तो ७४ मध्ये आला आणि लास वेगासच्या वेळी नेमका दुखापतीत होता. निम्मं भांडण गटांच्या फेररचनेनंच लावून दिलं.

पण ट्रायल म्हणजे नुसती सहा मिनिटांची कुस्ती नव्हे. मल्लाचं रोजचं वजन गटापेक्षा काही किलो जास्तच असतं. आधी जेवण आवळायचं, मग पाणी तोडायचं, घाम काढायचा, तेव्हा कुठे काटा जुळतो. ऑगस्टसाठी आखलेली तयारी जूनमध्ये मोडून हे करायचं आणि त्यात गुडघा गेला, तर जागा राहते, मल्ल राहत नाही. दिल्ली उच्च न्यायालयाने ६ जून २०१६ ला सुशीलची ट्रायल मागणारी याचिका फेटाळली, ती निवड हे महासंघाचं काम आहे म्हणून.

पुढचं सगळ्यांना पाठ आहे म्हणतात, पण तारखा कुणी लावून बघत नाही. २५ जूनला सोनीपतच्या केंद्रात नरसिंगच्या लघवीचा नमुना घेतला, ५ जुलैला दुसरा. दोन्हींत मेथँडिएनॉन या बंदी असलेल्या स्टेरॉइडचा माग. महासंघाने त्याच्या जागी दुसरा मल्ल, प्रवीण राणा, याचं नाव पुढे केलं. १ ऑगस्टला नाडाच्या, म्हणजे देशाच्या उत्तेजकविरोधी संस्थेच्या, शिस्तपालन समितीने घातपाताचं, कुणीतरी द्रव्य मिसळल्याचं, म्हणणं मान्य करून नरसिंगला सोडलं. राणा बाहेर, नरसिंग आत. वाडाने, म्हणजे जागतिक उत्तेजकविरोधी संस्थेने, रिओत बसलेल्या क्रीडा लवादाकडे अपील केलं. कुस्ती १९ ऑगस्टची, निकाल १८ ला: चार वर्षं बंदी. पहिल्या नमुन्यातलं प्रमाण पाण्यात कालवलेल्या भुकटीचं नाही, एक-दोन गोळ्या पोटात गेल्याचं आहे, असं तज्ज्ञाचं मत होतं. या नियमांत द्रव्य अंगात सापडलं की जबाबदारी खेळाडूची, आणि ते कसं आलं हेही त्यानेच दाखवायचं. "कुणीतरी मिसळलं असेल" इथं चालत नाही, तसंच घडल्याची शक्यता जास्त आहे इथवर पुरावा न्यावा लागतो. तो लवादाला दिसला नाही. ७४ किलोत भारताचा कुणीच मॅटवर उतरला नाही.

ट्रायलने हे टळलं असतं? नरसिंग जिंकला असता तर नमुने तेच, निकाल तोच. सुशील जिंकला असता तर, हो, कुणीतरी गेलं असतं. हे कबूल करायला मला जड जातं.

तेव्हा मी ठासून म्हणायचो, जागा आणेल त्याने जावं, विषय संपला. मग ठाण्याच्या रुद्रांक्ष पाटीलचं काय? २०२२ ला कैरोत तो १० मीटर एअर रायफलचा जगज्जेता झाला, पॅरिसची जागा आणली आणि घरी राहिला. नेमबाजीत चार ट्रायल झाल्या आणि संदीप सिंग गेला. माझ्या नियमाने हा सरळ अन्याय. पण तिथली पद्धत ट्रायलआधी जाहीर होती, कोर्टाच्या पायरीवर शोधलेली नव्हती. कुस्तीतही ट्रायल आहे की नाही, असली तर कधी, हे कोट्याच्या स्पर्धेआधी छापा, एवढं मागायला हरकत नाही. मात्र नेमबाज चारदा रेषेवर उभा राहतो. मल्लाला महिन्यात चारदा वजन तोडायला सांगून बघा.

२०२४ ला महासंघाने ट्रायल घेतल्याच नाहीत, जागा आणणारेच पॅरिसला गेले. महिलांच्या ५३ किलोची जागा अंतिम पंघालने आणलेली, म्हणून एरवी ५३ मध्ये खेळणारी विनेश फोगाट ५० मध्ये उतरली. अंतिम फेरीच्या सकाळी १०० ग्रॅम वजन जास्त भरून ती बाद झाली, ते तुम्हाला माहीत आहे. तेव्हा ट्रायल का नाही घेतली, हे मात्र मला अजून कुणी विचारलेलं नाही.