उचलून नेतो की, त्यात काय एवढं?

तुम्ही विचारलंत म्हणून लिहिते. विचारणारे सगळे आपलेच: शेजारचे, सासरचे, भिशीतल्या मैत्रिणी. "उचलायला चार माणसं असतात की! मग जाईल तिथं रॅम्पवरून वाद कशाला?" कुणी जरा पुढं जाऊन म्हणतं, "मदत घेण्यात कसला आलाय कमीपणा?"

कमीपणाचा प्रश्नच नाही. लहानपणी वडील कडेवर घेऊन गणपतीच्या देवळात न्यायचे, तेव्हा मी तोऱ्यात असायचे. पुढं कॅलिपर, म्हणजे पायाला बांधायच्या आधाराच्या पट्ट्या, मग कुबड्या, मग खांदे गेले आणि चाकाची खुर्ची आली. ते सगळं तुम्ही बघितलंय.

भाचीचं लग्न घ्या. सांगलीतलंच कार्यालय, दाराशी पाच पायऱ्या. "रॅम्प आहे की ताई," मॅनेजर म्हणाले. होता, मोटारसायकली चढवायला केलेला. एक फूट उंचीला बारा फूट लांबीचा उतार लागतो. पाच पायऱ्यांचे अडीच फूट धरले तर झाले तीस फूट. यांचा जेमतेम पाच. त्यावर खुर्ची घातली की मागं उलटणार.

"ए, धरा रे ताईंना!" चार पोरं धावत आली. मी सांगतेय, खुर्चीचे बाजूचे हात धरू नका, ते निघतात, खालची नळी धरा. पण बँड वाजत होता. "काय होत नाही ताई." तिसऱ्या पायरीवर खुर्चीचा डावा हात सुटून एका पोराच्या मुठीत राहिला आणि खुर्ची त्या अंगाला कलली. मी दुसऱ्याची कॉलर धरली, तिचं बटण तुटलं. निऱ्या पुढच्या चाकात. पडलं कुणी नाही. सगळे हसले, मीही हसले, कारण त्या वेळी दुसरं काय करणार? फोटोग्राफरनं तेवढ्यात फोटोही काढला.

पण माझं दुखणं त्या पायऱ्यांचं नाही, नंतरचं आहे. संडास खाली, म्हणून दुपारभर पाणी प्यायले नाही. चारला निघावंसं वाटलं, तर दोघं पोरं पंगतीत वाढत होती, एक वरातीच्या गाडीबरोबर गेलेला. "थांबा की जरा, एवढी काय घाई?" दिवेलागणीला खाली उतरले. आले दुसऱ्यांच्या हातांवर आणि निघाले दुसऱ्यांच्या सवडीनं.

मॅनेजरना कायदा सांगितला. २०१६ चा दिव्यांग हक्क कायदा खासगी इमारतींनाही लागू आहे, लोकांची ये-जा असली की झालं. नियम २०१७ ला आले, जुन्या इमारतींत रॅम्पसारख्या सोयी करायची पाच वर्षांची मुदत २०२२ ला संपली. २०२४ च्या नोव्हेंबरात सुप्रीम कोर्टानंही सरकारला सांगितलं, नुसत्या शिफारशी नकोत, सक्तीचे निकष करा. मॅनेजरनी सगळं ऐकून घेतलं. म्हणाले, "ताई, पुढच्या वेळी तुमच्यासाठी सहा माणसं ठेवतो." मनापासून म्हणाले हो! अशा माणसाशी भांडायचं तरी कसं?

आता तुम्ही २०१९ चा पूर काढणार, ठाऊक आहे. काढा. पाणी जिन्यापर्यंत आलं, बोटीतल्या अनोळखी पोरांनी मला पोत्यासारखं उचललं, खुर्ची घरातच राहिली. तिथं मी उताराची चौकशी केली नाही. त्या पोरांचे उपकार आहेतच. पण पूर २००५ ला आला, २०१९ ला आला, २०२१ ला आला. बँकेत, दवाखान्यात, लग्नाला मला एरवीही जायचं असतं.

तरी एक कबूल करते. कुबड्यांवरची मी "जमवून घ्यावं माणसानं" म्हणायची आणि सगळीकडे जायची. आता पायऱ्या ऐकल्या की मी नाही म्हणते. तिनं माझ्यापेक्षा जास्त लग्नं जेवली. तिला मी चूक ठरवू शकत नाही, आणि तिच्यासारखं परत वागणं मला आता जमतही नाही.

पुतण्याचं लग्न ठरलंय. भाऊ फोनवर म्हणाला, "हॉल बघितला, चारच पायऱ्या आहेत." मी म्हटलं, पायऱ्यांचा फोटो पाठव आणि संडासाचं दार मोजून सांग, माझी खुर्ची २५ इंच आहे. त्यानं स्टेजचा फोटो पाठवलाय. जायचं की नाही, अजून ठरवलेलं नाही.