बँकेत साडेअकरा लाख, २६एएसमध्ये पावणेपंधरा

परवा तासगावच्या मैत्रिणीचा फोन आला. ती बेदाणा ऑनलाइन विकते, वर्षच झालंय सुरू करून. म्हणाली, "अगं, पासबुकात वर्षाचे नऊ लाख जमा झालेत, रिटर्नमध्ये तेवढीच विक्री दाखवायची ना?" मी गवार निवडत होते, ते ताट बाजूला ठेवलं आणि तिला म्हणलं थांब, काहीच भरू नको, कारण हीच चूक मी केलेली आहे आणि तिच्यामुळे माझे दोन आठवडे झोपेविना गेलेत. फोनवर अर्धा तास सांगितलं तरी निम्मं राहिलंच, म्हणून इथं लिहून काढतेय, आणखी कुणाच्या तरी कामाला येईल.

माझा व्यवसाय हळद पावडरीचा, थोडा बेदाणाही. २०२० च्या लॉकडाऊनमध्ये मुंबई-पुण्याच्या नातेवाईकांना व्हॉट्सॅपवर हळद पाठवता पाठवता सुरू झालं, मग जीएसटी नंबर काढला आणि एका मोठ्या पोर्टलवर दुकान टाकलं. सांगलीच्या हळदीला २०१८ मध्ये जीआय मानांकन मिळालंय त्यामुळं गिऱ्हाईक नावावरच येतंय, "सांगलीची राजापुरीच आहे ना" एवढंच विचारतात. माल चांगला होता, ऑर्डरी येत होत्या, पॅकिंगला मी, जाऊबाई आणि शेजारची एक मुलगी. हिशोब मात्र माझ्या डोक्यात आणि एका वहीत, आणि खातं एकच, घरचंच सेव्हिंग. त्यातच पोर्टलचे पैसे, त्यातच गॅसचं बिल, त्यातच भिशी लागली तेव्हाचे साठ हजार.

२०२२-२३ चं रिटर्न भरायची वेळ आली तेव्हा मी पासबुक घेऊन बसले, पोर्टलकडून आलेल्या एंट्र्या पेनानं टिक केल्या, भिशीचे वगळले, बेरीज आली ११,४०,४००. ओळखीच्या एकानं रिटर्न भरून दिलं, विक्री तेवढीच टाकली, आणि पोर्टलनं कापलेला १४,८०० रुपये टीडीएस (पैसे देतानाच कापून सरकारकडं भरलेला आयकर) परत मागितला. त्यानं काही विचारलं नाही आणि मला विचारायचं असतंय हेच माहीत नव्हतं. नंतर ईमेल आला, तुमचं रिटर्न डिफेक्टिव्ह आहे, कलम १३९(९), पंधरा दिवसांत उत्तर द्या. मी तो ईमेल दहा वेळा वाचला. डिफेक्टिव्ह या शब्दानंच पोटात गोळा आला, वाटलं आता आयकरवाले घरी येतात की काय, घरात कुणाला दोन दिवस सांगितलंसुद्धा नाही.

शेवटी गावभागातल्या एका सीए काकांकडं गेले. त्यांनी आधी काय केलं तर आयकराच्या साइटवरून माझा २६एएस (आपल्या नावावर कुणी किती रकमेवर किती कर कापला त्याचा उतारा) काढला आणि एआयएस (आयकर खात्याकडं असलेली आपल्या वर्षाच्या व्यवहारांची माहिती) काढलं, आणि कागद माझ्यापुढं सरकवून म्हणाले, "ताई, तुमची विक्री चौदा लाख ऐंशी हजार आहे. तुम्ही साडेअकरा कुठून आणली?"

मग त्यांनी एका पाकिटावर समजावलं. गिऱ्हाईकानं हळदीच्या पाकिटाला ३०० रुपये दिले. पोर्टलनं त्यातून कमिशन कापलं, कुरिअरचे कापले, टीडीएस कापला, जीएसटीचा टीसीएस (पोर्टलनं आपल्या वतीनं सरकारकडं भरायचा जीएसटीचा भाग) कापला आणि उरलेले २३० माझ्या खात्यात टाकले. मी समजत होते माझी विक्री २३०. विक्री ३०० च. कापलेल्या सत्तरातलं कमिशन आणि कुरिअर माझा खर्च आहे, आणि टीडीएस तर माझाच आगाऊ भरलेला कर आहे. माझ्या वर्षाचं बघितलं तर (जीएसटी आणि परत आलेली पार्सलं बाजूला ठेवून सांगते) कमिशन, कुरिअर, बाकी फी मिळून ३,१०,००० गेलेले, टीडीएस १४,८०० आणि टीसीएसही तेवढाच. हे सगळं ११,४०,४०० मध्ये मिळवा, बरोबर १४,८०,००० होतात. रुपयाचा फरक नाही. आणि टीडीएस कलम १९४-ओ खाली पोर्टल एकूण विक्रीवर कापतं, खात्यात पाठवलेल्या रकमेवर नाही, म्हणून सरकारकडं माझी एकूण विक्री आधीच पोचलेली होती. मी टीडीएस पूर्ण चौदा लाख ऐंशी हजारांवरचा परत मागत होते आणि विक्री मात्र साडेअकराच सांगत होते, मग जुळणार कसं.

त्यात आणखी एक गोष्ट होती जी मला जास्त लागली. रिटर्न ४४एडी खाली भरलेलं, म्हणजे अंदाजित नफ्याची पद्धत. छोट्या धंद्यासाठी लय सोयीची आहे ही. विक्री २ कोटींच्या आत असली, आणि रोख जमा ५ टक्क्यांच्या वर नसली तर ३ कोटींच्या आत, की बँकेतून आलेल्या विक्रीवर किमान ६ टक्के आणि रोखीवर किमान ८ टक्के नफा धरायचा, हिशोबाच्या वह्या ठेवायची सक्ती नाही, आयटीआर-४ भरायचा. पण त्या ६ टक्क्यांचा अर्थच असा की उरलेल्या ९४ मध्ये तुमचा सगळा खर्च आला, कमिशनसुद्धा आणि कुरिअरसुद्धा. मी कमिशन आधीच वजा करून उरलेल्यावर ६ टक्के लावलेले, म्हणजे एकच खर्च दोनदा धरलेला. कॅश ऑन डिलिव्हरीचे पैसे गिऱ्हाईक कुरिअरवाल्याला रोख देतंय तरी मला ते पोर्टलकडून बँकेतच येतात, त्यामुळं काकांनी ते ६ टक्क्यांतच धरले. दिवाळीच्या प्रदर्शनात स्टॉलवर जी रोख विक्री होते तिला मात्र ८.

दुरुस्त रिटर्न मुदतीत गेलं, परतावा डिसेंबरात आला. त्या वर्षी माझं उत्पन्नच करपात्र मर्यादेच्या आत होतं, कर शून्य, त्यामुळं दंड वगैरे काही नाही. पण मी त्याच आठवड्यात करंट खातं उघडलं आणि भिशीचा त्या खात्याशी संबंध तोडला. आता दर महिन्याला पोर्टलवरून सेटलमेंट रिपोर्ट, म्हणजे विक्री किती, कापलं किती, पाठवलं किती याचा तक्ता, डाउनलोड करून ठेवते. बारा महिन्यांनी सगळे एकदम काढायला गेलं की काही सापडत नाहीत, हा अनुभव आहे.

आता जे लिहितेय त्यावर आमच्या घरात वाद झालेला आहे. ६ टक्के हा किमान आकडा आहे, खरा नफा जास्त असला तर जास्तच दाखवायचा, कायद्यात तसंच लिहिलंय. पण बाजारात सगळे सांगतात, "६ दाखव आणि मोकळी हो." नवऱ्याचंही तेच मत होतं. मी एका वर्षी तसंच केलेलं, विक्री १४,८०,००० आणि नफा ८८,८००, जेव्हा माझ्या वहीप्रमाणं खरा नफा दोन लाखांच्या वर होता. मग दळायचं मशीन घ्यायचं ठरलं आणि कर्जासाठी बँकेत गेले. साहेबांनी रिटर्न बघितलं आणि शांतपणे विचारलं, "वर्षाचं उत्पन्न नव्वद हजार, यात हप्ता कुठून भरणार?" माझ्याकडं उत्तर नव्हतं. कागदावर मीच स्वतःला गरीब लिहून दिलेलं. तिथून पुढं मी वहीत जो नफा निघेल तोच दाखवते. आमच्या तिघींच्या कष्टाचा तो आकडा आहे, तो लपवून ठेवायचा कशाला असं मला मनापासून वाटतंय. (आणि ६ पेक्षा कमी दाखवायचा म्हणलं तर ४४एडी सोडावं लागतंय, मग पुढची पाच वर्षं त्यात परत येता येत नाही, हेही ध्यानात ठेवा.)

दुसरा वाद शेतीचा. मामा, म्हणजे माझे सासरे, त्यांची तीस गुंठे हळद असते. ते म्हणाले, "शेतीला कुठला आलाय टॅक्स? सगळी विक्री शेतीतच दाखव की." त्यांचं अर्धं बरोबर आहे. हळद काढली, शिजवली, वाळवली, पॉलिश केली आणि मार्केट यार्डात सौद्याला नेली, इथपर्यंतचं शेतकऱ्याचं उत्पन्न शेतीचं, त्याला आयकर नाही, कारण शिजवल्या-वाळवल्याशिवाय हळद बाजारात विकलीच जात नाही. पण ती दळून, पाकिटात भरून, लेबल लावून विकली की तिथून पुढचा नफा धंद्याचा. शिवाय सातबारा मामांच्या नावावर, धंदा माझ्या नावावर, मग त्यांचं शेतीचं उत्पन्न माझ्या रिटर्नमध्ये कसं येईल? आता आम्ही सरळ करतो. मामांची जी हळद मी घेते ती त्या दिवशीच्या यार्डातल्या भावानं घेते, आडत्याकडची पट्टी (भावाची पावती) घेऊन वहीला लावते, आणि पैसे त्यांच्या खात्यावर टाकते. पहिल्यांदा सुनेकडून पैसे घ्यायला त्यांना कसंतरी वाटलं, आता स्वतःच विचारतात आजचा भाव काय निघाला म्हणून. हरिपूरच्या पेवांमध्ये, म्हणजे जमिनीखालच्या कोठारांत, हळद ठेवायचे त्या काळातला माणूस, भावाचा अंदाज माझ्यापेक्षा त्यांचा चांगला.

आता ॲडव्हान्स टॅक्स, म्हणजे आगाऊ भरायचा कर. टीडीएस वजा जाऊन वर्षाचा कर १०,००० किंवा जास्त निघत असेल तर तो वर्ष संपायच्या आत भरायचा असतो. बाकीच्यांना चार हप्ते असतात, जून, सप्टेंबर, डिसेंबर, मार्च, पण ४४एडी वाल्यांना एकदाच, १५ मार्चच्या आत. मला हे माहीत होतं, तरी २०२४-२५ ला मी चुकले, आणि का चुकले ते सांगते कारण माझ्यासारखे बरेच असणार. त्याआधी पोर्टल १ टक्का टीडीएस कापायचं. तेवढ्यात माझा सगळा कर भागायचा, उलट परतावा यायचा, म्हणून मार्चमध्ये बघायची सवयच राहिली नाही. १ ऑक्टोबर २०२४ पासून तो दर ०.१ टक्का झाला. हातात पैसे जास्त यायला लागले, मला आनंद झाला, दिवाळीचा सीझन जोरात होता. त्या वर्षी पोर्टलची विक्री पहिल्या सहा महिन्यांत सोळा लाख, टीडीएस १६,०००. पुढच्या सहा महिन्यांत वीस लाख आणि टीडीएस फक्त २,०००. स्वतःची साइट आणि व्हॉट्सॅपची विक्री धरून नफा निघाला ९,२०,०००. आयकराच्या नव्या पद्धतीनं (न्यू रेजीम) त्या वर्षीचा कर, पहिल्या तीन लाखांवर काही नाही, तीन ते सातवर ५ टक्के म्हणजे २०,०००, सातच्या वरच्या दोन लाख वीस हजारांवर १० टक्के म्हणजे २२,०००, त्यावर ४ टक्के सेस, एकूण ४३,६८०. कापलेले १८,००० वजा केले तर २५,६८० भरायचे राहिले, आणि १५ मार्च कधीच निघून गेलेला. जुलैत भरले तेव्हा २३४बी आणि २३४सी (ॲडव्हान्स टॅक्स वेळेत न भरल्याच्या व्याजाची कलमं) मिळून १,२८० रुपये व्याज गेलं. रक्कम मोठी नाही, पण पॅकिंगवाल्या मुलीला दोन-तीन दिवसांची मजुरी होते त्यात, म्हणून जीवाला लागलं.

तेव्हापासून प्रत्येक सेटलमेंट आली की शंभराला दीड रुपया वेगळ्या खात्यात टाकते. जीएसटीचे पैसे त्याहून वेगळे, त्यांना हात लावायचाच नाही, ते आपले नसतातच.

२०२५-२६ ला चित्र बदललंय, नव्या पद्धतीत १२ लाखांपर्यंत उत्पन्नाला सूट मिळून कर शून्य होतो. यावरून दोन गैरसमज रोज ऐकते. एक म्हणजे १२ लाख ७५ हजार. ते वरचे ७५ हजार पगारदारांचं स्टँडर्ड डिडक्शन आहे, आपल्या धंद्याच्या उत्पन्नाला ते नाही. दुसरं म्हणजे कर नाही तर रिटर्नही नको. उत्पन्न ४ लाखांच्या वर गेलं की रिटर्न भरायचंच, आणि ते १२ लाख नफ्याचे, विक्रीचे नव्हेत. माझी एक ओळखीची पापड विकते, तिनं विक्री बारा लाखांच्या वर गेली म्हणून घाबरून ऑर्डरी घेणं बंद केलेलं! तिला भेटून समजावलं. नफा तिचा तीन लाखही नव्हता.

१ एप्रिल २०२६ पासून आयकराचा नवा कायदा लागू होतोय, कलमांचे नंबर बदलतात, ४४एडी वालं आता कलम ५८ मध्ये, आणि असेसमेंट इयर जाऊन कर वर्ष येतंय. पण २०२५-२६ च्या कमाईचं रिटर्न जुन्या कायद्यानंच भरायचं आहे, त्यामुळं यंदा गोंधळू नका.

तर तासगावची मैत्रीण रविवारी घरी येतेय. तिला सांगितलंय, पोर्टलवरून बाराही महिन्यांचे सेटलमेंट रिपोर्ट काढून आण, २६एएस आणि एआयएस काढून आण, बेदाणा ज्यांच्याकडून घेतला त्यांच्या पट्ट्या आण. पासबुक नाही आणलंस तरी चालेल. जेवायलाच ये म्हणलंय, दुपार तरी जाणारच.