तुम्ही विचारलंत म्हणून: व्याह्यांचं घराणं मेफ्लॉवरवरचं का?

मुलाने किंवा मुलीने अमेरिकेत संसार थाटला की आईवडील हमखास विचारतात, "व्याही म्हणतात, त्यांचं घराणं इंग्रजी अमदानीपासूनचं. नातवंडांसाठी ते शोधायचं तर सुरुवात कुठून?"

नातवंडापासूनच. आपल्याला कुळवृत्तांत मूळ पुरुषापासून खाली वाचायची सवय असते. इथे ती मोडावी लागते. १६२० साली मेफ्लॉवर या जहाजाने इंग्लंडहून अमेरिकेत आलेल्या १०२ जणांतला एक आडनावबंधू निवडून खाली उतरलात, की कुठल्याही घराण्याला जाऊन पोहोचता. एकेक पिढी मागे जा आणि प्रत्येक बाप-लेकाच्या जोडीला कागद मागा.

१८५० पर्यंत वाट सोपी आहे, कारण त्या वर्षीच्या जनगणनेपासून घरातल्या प्रत्येक स्वतंत्र (म्हणजे गुलामगिरीत नसलेल्या) माणसाचं नाव मिळतं. १७९० ते १८४० मध्ये मात्र फक्त कुटुंबप्रमुखाचं नाव असतं, बाकीच्यांचे नुसते आकडे. बहुतेकांचा शोध इथेच अडतो. पूर्वज अमेरिकेच्या स्वातंत्र्ययुद्धात लढला असेल तर निवृत्तिवेतनाची फाइल आधी काढा. १८३२ च्या कायद्याखाली सैनिकांनी आपलं जन्मस्थळ आणि कुठे कुठे राहिलो ते सांगितलं. विधवांनी लग्नाचा पुरावा म्हणून घरच्या बायबलातली नोंदींची पानं फाडून जोडली. इतका बोलका कागद दुसरा क्वचितच सापडतो.

त्याच्याही मागे सगळं प्रांतावर ठरतं. मॅसॅच्युसेट्समध्ये गावाचा कारकून जन्म-विवाह-मृत्यू लिहीत असे आणि बऱ्याच गावांच्या नोंदी छापलेल्या आहेत. व्हर्जिनियात भिस्त चर्चच्या आणि काउंटी (जिल्हा) कोर्टाच्या वह्यांवर. त्यातल्या काही काउंट्यांनी यादवी युद्धात वह्या सुरक्षित राहाव्यात म्हणून रिचमंडला पाठवल्या आणि १८६५ च्या आगीत त्या गेल्या. शिवाय काउंट्यांची विभागणी होत राहिली. कुटुंब जागचं हलत नाही, काउंटीचं नाव बदलतं. म्हणून त्या साली तो भाग कोणत्या काउंटीत होता ते आधी पाहा. कृष्णवर्णीय घराण्यांची वाट याहून खडतर आहे. गुलामगिरीत असलेल्यांची नावं १८५० आणि १८६० च्या जनगणनेतल्या गुलामांच्या याद्यांत जवळपास नाहीतच. वय, लिंग, वर्ण आणि मालकाचं नाव एवढंच. त्यामुळे मालकाची मृत्युपत्रं आणि मालमत्तेच्या याद्या वाचाव्या लागतात.

मृत्युपत्र आणि खरेदीखत हेच खरे आधार, पण त्यातले शब्द फसवतात. 'कझिन' म्हणजे अनेकदा पुतण्या किंवा भाचा. 'सन-इन-लॉ' सावत्र मुलगाही असू शकतो. 'ज्युनियर' हा मुलगाच असेल असं नाही. गावातल्या त्याच नावाच्या दोघांतला धाकटा एवढाच अर्थ बरेचदा असतो. मृत्युपत्रात एखाद्या मुलाचं नाव नसेल तर त्याला जमीन आधीच मिळालेली असू शकते. बायकोचं माहेर सापडत नसेल तर शेजाऱ्यांची मृत्युपत्रं वाचा. लेकीचा उल्लेख तिच्या नवऱ्याच्या आडनावानिशी तिथे येतो. एकाच नावाचे दोन जॉन वेगळे करायचे तर जमिनीच्या चतुःसीमा आणि साक्षीदार जुळवा.

तारखांनाही जपा. १७५२ पूर्वी इंग्रजी वसाहतींत नवं वर्ष २५ मार्चला लागे. एप्रिल १७१० मध्ये लग्न आणि फेब्रुवारी १७१० मध्ये मूल दिसलं तर नोंद चुकलेली नाही. मूल लग्नानंतर दहा महिन्यांनी झालं. अशी तारीख उतरवताना १७१०/११ असं दुहेरी साल लिहा.