'माफ कर, जॉन' : शाडूतला गारफील्ड, तिसरी नोंद

गारफील्ड या चित्रपट्टीतल्या नारिंगी मांजराची भयाण आकृती मी शाडूत घडवते आहे. मागच्या नोंदीत तिचे धड आणि डोके उभे राहिल्याचे लिहिले होते. त्यानंतरच्या पाच आठवड्यांत सहा पाय बसवले, त्यांतले दोन तडकले, आणि तोंडातले सगळे दात करून झाल्यावर ते काढून टाकले. पायांसह आकृतीची उंची आता ३८ सेंटिमीटर आहे, आणि तिच्यासमोर उभा राहणारा जॉन, म्हणजे गारफील्डचा मालक, ७ सेंटिमीटरचा आहे.

आधी दातांविषयी, कारण या कामातला सर्वांत मोठा निर्णय तोच होता. गारफील्डला भयाण रूप देणारी चित्रे २०१८-१९च्या सुमारास सगळीकडे पसरली आणि गारफील्डच्या तोंडचे 'माफ कर, जॉन' हे वाक्य त्यांची ओळख बनले. त्यांतल्या पुष्कळ चित्रांत जबडा फाकलेला असतो आणि त्यात दातांच्या रांगा असतात. मीही त्याच वाटेने गेले होते. एम-सीलचे ३४ दात वळले, प्रत्येकाला टोक काढले, आणि एका शनिवारी रात्री ते हिरड्यांत बसवून झाल्यावर लांबून पाहिले, तेव्हा समोर एक राक्षस होता, पण तो गारफील्ड नव्हता. नारिंगी रंग दिला असता तरी तो कोणत्याही गोष्टीतला राक्षसच राहिला असता. ओळखीचे जे आहे ते ओळखीचेच राहिले पाहिजे आणि तरीही काहीतरी बिघडलेले दिसले पाहिजे, तरच अंगावर काटा येतो, असे माझे ठाम मत झाले आहे. दुसऱ्या दिवशी चिमट्याने एकेक दात उपटला आणि तोंड जवळजवळ मिटवून फक्त ती कंटाळलेली, किंचित वाकडी रेघ ठेवली.

मग सगळा भार पापण्यांवर आला. मूळ पात्राचे डोळे मोठे, एकमेकांना चिकटलेले आणि अर्धे मिटलेले आहेत, आणि त्याचा सगळा स्वभाव त्या अर्ध्या मिटण्यात आहे. पापणीसाठी मी शाडूची ३ मिलिमीटर जाडीची पोळी लाटते, अर्धवर्तुळ कापते आणि बुबुळाच्या गोळ्यावर ओल्या ब्रशने टेकवून कड खाली ओढत आणते. कड डोळ्याच्या बरोबर मध्यावर आली की तो गारफील्ड होतो. तीच कड २ मिलिमीटर वर राहिली तर नुसते दचकलेले मांजर दिसते, आणि तेवढीच खाली आली तर तो झोपलेला वाटतो. डावी पापणी चौथ्या प्रयत्नात जमली, उजवी सातव्या.

या चित्रांच्या मुळाशी केवळ भूक आहे असे मला वाटत नाही. जिम डेव्हिस यांची ही चित्रपट्टी १९ जून १९७८ रोजी सुरू झाली, आणि २३ ते २८ ऑक्टोबर १९८९ या सहा दिवसांच्या पट्ट्यांत त्यांनी स्वतःच गारफील्डला एका ओसाड घरात जागे केले होते. जॉन नाही, त्याचा कुत्रा ओडी नाही, घर कित्येक वर्षे रिकामे पडलेले. त्या पट्ट्यांतली भीती एकटे पडण्याची आहे. माझ्या आकृतीत मला तेच हवे आहे. हा प्राणी घर व्यापून बसला आहे, पण त्याला जॉन सोडून जायला नको आहे. क्षमेच्या त्या वाक्याला अर्थ येतो तो त्यामुळेच.

आता तडकलेल्या पायांकडे वळते. बोहरी आळीतून आणलेली १४ गेजची तार वाकवून सांगाडा केला होता आणि तिच्यावर थेट शाडू चढवला होता. शाडू वाळताना आकसतो, तार आकसत नाही, त्यामुळे लांब आणि बारीक पायांवर आडव्या भेगा पडणारच होत्या. त्यातून पुण्यातला एप्रिल म्हणजे हवेत ओलावा नाही, वरचा थर दुपारपर्यंत कडक होतो आणि आतली माती ओलीच राहते. धडाभोवती ओले सुती कापड गुंडाळून वर प्लॅस्टिक घातले होते म्हणून धड वाचले. पायांना मी ती काळजी घेतली नाही.

कसबा पेठेतल्या ज्या मूर्तिकार काकांकडून आमच्या घरी गणपती येतो, त्यांना दोन्ही पाय नेऊन दाखवले. त्यांनी भेगेत नख घालून पाहिले आणि म्हणाले, "अगं, नुसत्या तारेवर माती कधी राहते का? तिला धरायला काहीतरी लागतं. आधी सुतळी गुंडाळ. आणि एवढ्या बारीक पायांना माती नकोच, लगदा घे." त्याप्रमाणे दोन्ही तारा मोकळ्या करून त्यांवर सुतळी घट्ट गुंडाळली, आणि वर्तमानपत्राचा लगदा, व्हाइटिंग पावडर (खडूची पूड) आणि डिंक यांचे मिश्रण तीन पातळ थरांत चढवले. आठ दिवस झाले, एकही भेग नाही, आणि वजनही निम्म्याहून कमी झाले. डोक्याच्या सांध्यांत मात्र मी मातीत काथ्याचे बारीक तुकडे मळून घातले आहेत.

डोक्याचा फोटोही काकांनी पाहिला. बराच वेळ पाहून त्यांनी विचारले, "मांजर आहे ना? मग इतकं उदास का?" पापण्या आता बदलायच्या नाहीत हे मी तिथेच ठरवले.

रंगकाम निम्मे झाले आहे. पांढऱ्या अस्तरावर नारिंगी ॲक्रिलिकचे दोन हात दिले असून पट्टे ओढायला सुरुवात केली आहे. धडावर पट्ट्यांतले अंतर १ सेंटिमीटर आहे. पायांवर पट्ट्याची जाडी तीच ठेवून अंतर वाढवत नेले आहे आणि पंजाजवळ ते ४ सेंटिमीटर होते, म्हणजे मूळचे आखूड पाय कुणीतरी ताणून लांब केले आहेत असे दिसते.

जॉनची मुद्रा चार वेळा बदलली. पळणारा जॉन केला, पाठीमागे सरकणारा केला, गुडघ्यांवर बसलेलाही करून पाहिला. अखेर तो सरळ उभा आहे आणि त्याच्या पुढे केलेल्या हातांत गारफील्डच्या आवडत्या लझानियाचे १२ मिलिमीटरचे ताट आहे.

बुबुळे अजून कोरी आहेत. डोळ्यांची आखणी सर्वांत शेवटी करायची असते, त्यामुळे पट्टे पूर्ण वाळल्यावर पुढच्या रविवारी सकाळच्या उजेडात ती करणार आहे. शून्य नंबरचा ब्रश आणून ठेवला आहे.